अंगणातील जुनी मोटार

दिनांक ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. त्या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीस वीस वर्षांपलीकडे धावण्याची मुभा नाही. तेव्हा हिशेब सरळच होता. तरीही त्या दिवशी कित्येकांस घरातील कोणी वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. जिच्या खडखडाटास आणि एका झटक्यात कधीही न लागणाऱ्या दारास हेच लोक वर्षानुवर्षे नावे ठेवीत आले, तिच्या आठवणी ते आता एकमेकांस हौसेने सांगू लागले.

पुण्यात मात्र या टॅक्सीची सख्खी भावंडे अद्याप नांदत आहेत. एरंडवण्यात किंवा प्रभात रस्त्याच्या एखाद्या गल्लीत जुन्या बंगल्याच्या कडेला ताडपत्रीने झाकलेला एक उंचवटा दिसतो. ताडपत्री उचलली की चारही टायर जमिनीस टेकलेली फियाट दृष्टीस पडते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी तेव्हा कोठे मोटार मिळावी, अशा काळी घरच्या वडिलांनी ती घेतलेली असते. वडील गेले, मुले नव्या गाड्यांतून हिंडू लागली, आणि ही जागच्या जागी राहिली. विकावी तर भंगाराचा भाव येतो. ठेवावी तर जागा अडते. अशा वेळी घरातील एखादा गृहस्थ, बहुधा नुकताच सेवानिवृत्त झालेला, एके रविवारी बाह्या सरसावतो आणि म्हणतो, की ही गाडी मी पुन्हा चालती करणार. जुन्या मोटारी घरी दुरुस्त करण्याचा छंद पुण्यात पुष्कळदा असाच सुरू होतो. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस मोटारींचे कौतुक निराळे. मध्यमवर्गाच्या घरी जी मोटार खरोखरच उभी आहे, ती ही फियाट होय.

तिची कुळकथा थोडक्यात सांगता येईल. सोलापुरास १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोठ्या मोटारी जोडल्या गेल्या. १९५० नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जडून लहान मोटार आली. पहिल्या घडणीची ती गोलाकार, पुढील दारे उलटी उघडणारी गाडी महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली जाई. नाव हेटाळणीचे खरे, पण घेणाऱ्याच्या तोंडी ते लाडाचेच असे. तिच्यामागून चौकोनी अंगाची 'अकराशे' आली, आणि १९७४ च्या सुमारास तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गियरचा दांडा आणि पुढे एकसंध बैठक, एवढा तिचा संसार.

हीच गाडी आता कायद्याच्या दृष्टीने पुराणवस्तू होऊ लागली आहे. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटारींच्या क्लबाने १९३० च्या अखेरीपर्यंतच्याच गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणावे असा दंडक घातला होता. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जे नियम केले, त्यांत प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. नोंदणी दहा वर्षे टिकते. पुढील नूतनीकरणास पाच हजार. अशी गाडी प्रदर्शनास, मिरवणुकीस, पेट्रोल भरण्यास वा दुरुस्तीस रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामास नेता येत नाही. ज्यास तिच्यातून मंडईत जावयाचे आहे, त्याने साधी नोंदणीच चालू ठेवावी. आणि कोणतीही नोंदणी करण्यापूर्वी गाडी वारसाच्या नावे झालेली असावी, हे सांगावयास नको. तथापि हेच काम शेवटी आठवते असा अनुभव आहे.

या नियमांतील एक कलम मात्र हौशी माणसाने दोनदा वाचावे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे. तिचा सांगाडा, अंगाचा पत्रा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे सरकारने नकळत एका जुन्या वादास हात घातला. जुनी वस्तू सुधारताना थांबावे कोठे?

घरी मोटार दुरुस्त करणाऱ्यांचा पहिला मोह असतो तो गाडी नवी करण्याचा. रंग खरवडून काढला जातो, बैठकी उसवून चकचकीत रेक्झीन चढते, घड्याळांच्या तबकड्या फेकून नव्या बसवल्या जातात, आणि इंजिन गुरगुरते म्हणून दुसऱ्याच गाडीचे इंजिन आत येते. दोन वर्षांनी जी वस्तू उभी राहते ती देखणी असते यात शंका नाही. पण घरातील वृद्ध आईस तिच्यात बसविले, आणि तिने हात फिरवून "ही कोणाची रे गाडी?" असे विचारले, तर त्या गृहस्थाने काय उत्तर द्यावे? जिच्यावर दोन वर्षे खर्च केली ती मोटार त्याने स्वतःच्या हाताने नाहीशी केलेली असते. तिच्या मागील दाराच्या आतील बाजूस मुलांनी नखाने काढलेल्या रेघा होत्या. पुढील बैठकीच्या डाव्या कडेस आईच्या पदराने झिजून पडलेला मऊपणा होता. ते रेक्झीनच्या दुकानात मिळत नाही.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या मंडळांची फीवा नावाची संस्था १९६६ साली निघाली. तिने पुढे ट्यूरिनची सनद म्हणून जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जतन आणि पुनर्रचना यांत भेद केला आहे. आहे ते टिकवावे. टिकणे अशक्य तेथेच बदलावे. आणि काय बदलले ते लिहून ठेवावे, असा तिचा आशय. पुणेकरांस हा विचार परका वाटू नये. काका केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वेणीफणीच्या पेट्या अशा घरोघरच्या वस्तू जमवून जे संग्रहालय उभे केले, आणि पुढे शासनास देऊन टाकले, त्यात मनुष्य रमतो तो त्या वस्तू हाताळलेल्या दिसतात म्हणून.

तेव्हा पान्ह्याआधी वही हाती घ्यावी. गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मूळ रंग कोणता होता हे दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डाच्या मागे किंवा सामानाच्या कप्प्याच्या आत सापडते, कारण तेथे ऊन पोचलेले नसते. प्रत्येक स्क्रू काढला की तो ज्या भागाचा त्या भागाच्या नावाच्या डबीत जावा. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु अर्ध्यावर सोडलेल्या गाड्या पैशावाचून जितक्या अडतात तितक्याच त्या डबीवाचून अडतात. कोणता खिळा कोठला हे सहा महिन्यांनी ब्रह्मदेवासही आठवत नाही.

वीस वर्षे उभ्या असलेल्या इंजिनास एकदम बॅटरी लावून फिरविणे हा अपराध समजावा. दट्ट्यांची कडी सिलिंडरच्या भिंतींस गंजाने चिकटलेली असतात. जबरीने फिरवले तर कडी तुटतात आणि भिंतींवर ओरखडे उठतात. चारही स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून पातळ वंगण व रॉकेल यांचे मिश्रण थोडे थोडे सोडावे आणि आठ-दहा दिवस विसरून जावे. पुन्हा घालावे, पुन्हा थांबावे. मग प्लग बाहेरच ठेवून, वरचा गियर टाकून, दोघांनी गाडी इंच-दोन इंच पुढेमागे ढकलून पाहावी. ज्या क्षणी आतून ओलसर सुस्कारा ऐकू येतो, त्या क्षणाचे सुख अन्य कोणत्या छंदात असेल असे वाटत नाही. इतके झाल्यावरही जुने वंगण पूर्ण काढून नवे भरल्यावाचून इंजिन सुरू करू नये.

पत्र्याचे काम याहून अवघड. फियाटला खाली वेगळा सांगाडा नाही. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणून दारांखालची पट्टी व पायाखालचा तळ गंजला, तर ते केवळ कुरूपतेचे लक्षण नव्हे. गाडीचा कणाच पोखरला गेलेला असतो. पुण्याच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली दमट हवा कोंडते, आणि झाकलेली गाडी उघड्या गाडीहून लवकर कुजते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. कुजलेला तुकडा कापून त्याच आकाराचा नवा पत्रा जोडणे हे खरे काम. त्याऐवजी लांबी भरून वर रंग मारणारे कारागीर पुष्कळ मिळतात. दुसऱ्या पावसाळ्यात तो फुगा फुटतो.

पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हलक्या हातोडीने पोचा काढणारे जुने हात मात्र कमी होत चालले आहेत. कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम होते, ते पाहिले म्हणजे या कलेचे मर्म कळते. ठोका जोराचा नसतो, जागेवर असतो. धातू एकदा ताणला गेला की मूळ मापात आणणे कठीण, म्हणून चांगला कारागीर कमीत कमी ठोके मारतो. अशा मिस्त्रीस घरी बोलवावे, त्याच्या शेजारी उभे राहावे, आणि तो काय करतो तेही वहीत टिपावे. मोटारी शोधल्या तर आणखी सापडतील. सत्तरी उलटलेला मिस्त्री गेल्यावर त्याच्या मनगटातील माप कोठून आणावयाचे?

याबाबतीत पुणे भाग्यवान आहे. बजाज, टेल्को, किर्लोस्कर यांच्या कारखान्यांत आयुष्य घालविलेले फिटर व टर्नर येथे पेठापेठांतून सेवानिवृत्त होऊन बसले आहेत. ज्याने तीस वर्षे मायक्रोमीटर हाताळला, त्यास शेजारच्या अंगणातील दट्ट्या मोजावयास बोलावले तर तो चहाच्या मोबदल्यात येतो, आणि पुढे बोलावल्यावाचूनही येतो. नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि बुधवारी व रविवारी भरत आलेला जुना बाजार ही या छंदाची दोन तीर्थे. जुन्या बाजारात भाव विचारताना आपली गरज चेहऱ्यावर दिसू देऊ नये, एवढेच.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले. उसाच्या महाराष्ट्रास त्याचे अप्रूप असेल, परंतु पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीतील रबर या मिश्रणासाठी केलेले नव्हते. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपातील पडदा त्याने मऊ पडतो, चिरतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकी आतून गंजते. हे भाग मात्र निःसंकोच बदलावेत, आणि आजच्या पेट्रोलास टिकणाऱ्या रबराचेच घ्यावेत. ब्रेकच्या बाबतीतही मूळ वस्तूचा मोह नको. चारही चाकांच्या ब्रेकमधील रबरी वाट्या व नळ्या नव्या हव्यात, आणि ब्रेकचे तेलही ओल शोषून घेणारे असल्यामुळे दर दोन वर्षांनी बदलावयास हवे. आईची बैठक राखावी. आईच्या काळचे ब्रेकचे रबर राखू नये.

घरी काम करणाऱ्यास आणखी काही भये आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. खाली भक्कम लोखंडी घोड्या असाव्यात. विटांच्या चळतीवर विसंबणारे लोक आहेत. वीट वजनाखाली न सांगता फुटते. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून त्यांची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या रंगात शिसे असते. तो कोरडा घासू नये, आणि त्या दिवशी नातवंडांस अंगणात खेळू देऊ नये. पेट्रोलची रिकामी टाकी ही भरलेलीहून घातक. आत वाफ राहते, आणि तिला झाळ लावणे म्हणजे बाँबला काडी लावणे होय.

खर्चाविषयी बोलावे तितके थोडे. केलेला खर्च गाडी विकून परत येत नाही, हे आरंभीच मान्य करावे.

गाडी चालती झाल्यावर ती पुन्हा ताडपत्रीखाली घालणे ही या छंदातील सर्वांत मोठी चूक. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्यातील जुनी मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यास लोकांसमोर येते. तिला मान आहे, तसेच कामही आहे. फियाटीस एवढे वैभव नको. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले, कोथरूडच्या बाजूस भाऊ जोशी यांच्या लहानग्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून आहे. ज्यांना जमेल त्यांनी तसे करावे. इतरांनी आठवड्यातून एकदा, रस्ते मोकळे असताना पहाटे, इंजिन पुरते गरम होईल इतक्या अंतरावर गाडी नेऊन आणावी. परत आल्यावर किती मैल झाले, तेल किती उतरले, कोठे थेंब गळला, हे वहीत लिहावे. आणि ती वही गाडीच्याच कप्प्यात ठेवावी, म्हणजे पुढे जो कोणी ताडपत्री उचलील त्याच्या हाती ती आधी लागेल.