निसटलेलं भिंग आणि पुढची वीस वर्षं



डोळ्यातलं भिंग बाहुलीच्या मागे सूक्ष्म तंतूंवर तोललेलं असतं, पाळणा दोऱ्यांवर टांगावा तसं. तंतू कमजोर झाले की भिंग जागेवरून सरकतं. जबर मार लागूनही असं होतं. पण लहान मुलाच्या दोन्ही डोळ्यांत ते दिसलं, तर पहिला संशय येतो मार्फान विकाराचा. आंत्वान मार्फान या फ्रेंच बालरोगतज्ज्ञानं १८९६ साली लांब, सडपातळ बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. यात फिब्रिलिन हे प्रथिन सदोष असतं. भिंगाचे तंतू त्याचेच बनलेले असतात. महाधमनीच्या भिंतीतही ते असतं, म्हणून अशा मुलाची हृदयाची इको तपासणी ऑपरेशनच्या आधी व्हायलाच हवी.

चष्म्यानं भागत असेल तोवर ऑपरेशनची घाई नको. मात्र भिंगाची कड बाहुलीच्या मधोमध आली, की चष्माही कमी पडतो आणि मूल वाढत असताना डोळा आळशी होऊन बसतो. मग भिंग काढतात. खरा प्रश्न त्यानंतरचा: त्याच्या जागी काय?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कृत्रिम भिंग ज्या पिशवीत बसवतात, तिचाच इथे आधार डळमळीत असतो. त्यामुळे भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाके घालून अडकवू लागले. धागा पॉलिप्रॉपिलीनचा, केसाहून बारीक. पट्टी सुटली की नजर छान येई, घरचे निश्चिंत होत. पण हा धागा डोळ्यात हळूहळू झिजतो. काहींचा पाच-दहा वर्षांनी तुटला आणि भिंग पुन्हा घसरलं. साठीतल्या माणसाला दहा वर्षं पुरेशी वाटतील. सहा वर्षांच्या मुलीला त्या डोळ्यानं शाळा, नोकरी, संसार, सगळं पाहायचं असतं.

मग जाड धागे आले. चेन्नईच्या डॉ. अमर अग्रवाल यांनी कृत्रिम भिंगाचे पाय, म्हणजे त्याला तोलणाऱ्या बारीक दांड्या, पांढऱ्या भिंतीत खोवून जैविक गोंदानं चिकटवण्याची पद्धत रुळवली. जपानच्या डॉ. यामाने यांनी पायांची टोकं उष्णतेनं फुगवून, टाक्यांशिवाय ते भिंतीत रोवले. दोन्ही पद्धती मोलाच्या आहेत. तरीही त्यांचा अनुभव अजून एका मुलाच्या आयुष्याएवढा लांब नाही. म्हणून अगदी लहान वयात जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स सुचवणाऱ्या डॉक्टरांना मी मागासलेलं मानत नाही.

भिंग नीट राहिलं तरी डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका आणि काचबिंदूची शक्यता वर्षानुवर्षं राहते. डोळ्यात लख्ख चमका, एकाएकी काळे ठिपके, बाजूनं सावली आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पालकांना माझी एक कळकळीची विनंती. कोणतं भिंग बसवलं, कोणत्या पद्धतीनं, धागा कोणता, हे लिहून घ्या आणि तो कागद मुलाच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवा. पंधरा वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसरा डॉक्टर त्या डोळ्यात डोकावेल, तेव्हा पहिल्यांदा तोच कागद मागेल.