खुणेचा बिल्ला

समोर उभा असलेला मनुष्य, तो म्हणतो तोच आहे काय, हा प्रश्न राज्यव्यवहाराइतकाच जुना आहे. अशोकवनात सीतेसमोर हनुमान आला तेव्हा त्याच्या बोलण्याने तिचा संशय पुरता फिटला नाही; रामाची मुद्रिका हाती आल्यावर मात्र तिची खात्री पटली. रोमन सैन्याच्या छावणीत दररोज सायंकाळी त्या रात्रीपुरता परवलीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून दिला जाई. ती पाटी तुकडीतुकडीतून फिरून अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत यावी लागे. एखादी पाटी आली नाही, तर ती कोठे अडली याचा शोध पाट्यांवरील खुणांवरून लागे. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने ही पद्धत तपशीलवार लिहून ठेवली आहे. आपल्याकडे मराठेशाहीच्या दफ्तरात पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटवीत आणि मजकूर जेथे संपे तेथे मोर्तब करीत. मोर्तबाचा अर्थ असा, की मजकुराची मर्यादा येथे झाली. ह्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये. शिक्कामोर्तब हा शब्द आजही आपण वापरतो तो ह्याच व्यवहारातून आलेला.

मुद्रिका ही जवळ बाळगावयाची खूण, परवलीचा शब्द ही एका रात्रीपुरती खूण, आणि मोर्तब ही मजकूर अभंग असल्याची खूण. संगणकाच्या जगात ह्या तिन्ही खुणा एकत्र आल्या आहेत. त्या नीट सांभाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम आता पुष्कळ ठिकाणी यंत्राकडे सोपविण्यात आले आहे. त्या पारखीचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार केवळ शहरी अभियंत्यांपुरता आहे असे कोणी समजू नये. बेळगाव शहराला लागून कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही गावे आहेत. तेथील शेतकऱ्याला पीककर्जासाठी, वाटणीसाठी किंवा कोर्टाच्या कामासाठी जमिनीचा उतारा लागतो. कर्नाटकात ह्या उताऱ्याला आर.टी.सी. अथवा पहाणी म्हणतात. एके काळी तो गावच्या तलाठ्याच्या हस्तलिखित वहीत असे, आणि वहीत काय लिहिले आहे हे पडताळून पाहणे सामान्य माणसाला अवघड जाई. सन २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ ही योजना हाती घेतली आणि १७७ तालुक्यांतील सुमारे ६७ लाख खातेदारांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आणले. ह्या योजनेत एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली होती. उताऱ्यात फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याला नुसता परवलीचा शब्द पुरत नसे; त्याला बोटाचा ठसा द्यावा लागे. कोणी, केव्हा, कोणती नोंद केली हे त्यामुळे कायम राही, आणि ‘ते मी केले नाही’ असे मागाहून म्हणण्यास जागा उरत नसे.

आता कल्पना करावी, की अशा एखाद्या व्यवस्थेचे दार एके दिवशी नीट लागले नाही. कोणीही आत जावे आणि कोणाच्याही नावावरील गुंठे आपल्या नावावर चढवावेत! शेताचा बांध कोरला तर तो डोळ्यांना दिसतो. संगणकात कोरलेला बांध दिसत नाही. म्हणून संगणकाच्या दाराची परीक्षा ही चैन नव्हे, ती गरज आहे.

हे दार कसे चालते ते प्रथम पाहिले पाहिजे. बँकेत पूर्वी चेक दिला म्हणजे कारकून सही पडताळून पाही आणि हातात एक पितळी बिल्ला देई. त्याच बिल्ल्याला टोकन म्हणत. पुढे रोखपालाच्या खिडकीवर सही पुन्हा तपासली जात नसे; बिल्ल्याचा क्रमांक पुकारला जाई आणि बिल्ला देऊन पैसे घ्यावयाचे. संकेतस्थळावरही हेच घडते. मनुष्य आपले नाव आणि परवलीचा शब्द देतो, म्हणजे लॉगिन करतो. संगणक ते तपासतो आणि त्याला एक टोकन देतो. त्यानंतरच्या प्रत्येक मागणीबरोबर ते टोकन दाखवावे लागते. असे का करावे लागते? कारण संकेतस्थळे ज्या नियमांनी चालतात, त्यांत प्रत्येक मागणी स्वतंत्र मानलेली आहे. मागच्या क्षणी कोण आले होते हे त्या विसराळू कारकुनाला आठवत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ नावाची चिठ्ठी शोधून काढली. ती चिठ्ठी ब्राउझर जपून ठेवतो आणि दर वेळी परत दाखवितो.

पुढे टोकनांचे अनेक प्रकार निघाले. त्यांपैकी एकाचे प्रमाण मे २०१५ मध्ये निश्चित झाले. त्याला जेसन वेब टोकन म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात टोकनाचा प्रकार, दुसऱ्यात मजकूर, म्हणजे हे कोणाचे आणि कोठवर चालेल. आणि तिसऱ्यात गणिताने केलेली सही. ही सही म्हणजे मोर्तबच होय. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. मोर्तब केलेले पत्र उघडे असले तर ते वाटेत कोणीही वाचू शकतो. तसाच ह्या टोकनातील मजकूरही सामान्यतः वाचता येतो. सहीमुळे फेरफार कळतो, गुप्तता राखली जात नाही.

पितळी बिल्ल्याचा जो गुण तोच त्याचा दोष. रोखपाल बिल्ला पाहतो, माणूस पाहत नाही. बिल्ला हरवला तर ज्याला सापडेल तो पैसे उचलू शकतो. टोकनाचेही तसेच आहे. म्हणूनच त्याचे आयुष्य थोडे ठेवावे लागते. रोमन छावणीतला शब्द एका रात्रीपुरता असे, तसे.

आता यंत्राच्या पारखीकडे वळावयाचे. संकेतस्थळात रोज काही ना काही बदल होत असतात, आणि प्रत्येक बदलानंतर सगळे पुन्हा तपासून पाहणे माणसांना अशक्य होते. २००४ साली शिकागो येथे थॉटवर्क्स ह्या कंपनीत जेसन हगिन्स यांनी कर्मचाऱ्यांच्या वेळेचा व खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका कार्यक्रमाची तपासणी करण्यासाठी एक साधन तयार केले. तेच पुढे सेलेनियम म्हणून प्रसिद्ध झाले. हे साधन माणसासारखेच ब्राउझर चालविते. रकाने भरते, बटणे दाबते आणि अपेक्षेप्रमाणे उत्तर आले की नाही ते सांगते. २०१८ मध्ये ह्या पद्धतीला जागतिक प्रमाणाची मान्यता मिळाली, आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट हे साधनही पुढे आले.

ह्या यांत्रिक परीक्षकाची पहिली अडचण दारातच होते. समजा, ३०० तपासण्या आहेत आणि प्रत्येक वेळी लॉगिन करण्यास ८ सेकंद लागतात. म्हणजे २४०० सेकंद, पूर्ण ४० मिनिटे, नुसती उंबरठ्यावरच खर्ची पडली. ह्यावर उपाय सोपा आहे. एकदा लॉगिन करावे, मिळालेले टोकन व कुकी एका फाइलीत जपून ठेवावी, आणि बाकीच्या तपासण्यांनी तीच दाखवून आत जावे. परंतु लॉगिनचे पान कोणीच तपासले नाही असे होऊ नये म्हणून त्या पानाच्या वेगळ्या तपासण्या असल्याच पाहिजेत.

सोप्या उपायातून नवे प्रश्न निघतात. टोकनाची मुदत १५ मिनिटांची आणि तपासणी चालते ४० मिनिटे. मग मध्येच सगळ्या तपासण्या नापास होतात आणि नसलेला दोष शोधीत लोक बसतात. तेव्हा मुदत संपण्यापूर्वी नवे टोकन घेण्याची सोय हवी. अनेक तपासण्या एकाच वेळी एकाच खात्यातून चालल्या आणि त्यांतल्या एकीने ‘बाहेर पडा’ हे बटण दाबले, तर बाकीच्याही बाहेर फेकल्या जाण्याची शक्यता असते. म्हणून एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक तुकडीला स्वतंत्र खाते द्यावे. दोन संगणकांची घड्याळे जुळत नसली तर ताजे टोकनही शिळे ठरते. घड्याळे जुळविणे हे क्षुल्लक वाटणारे काम येथे महत्त्वाचे ठरते.

आणखी एक अडचण ओ.टी.पी.ची. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डाच्या व्यवहारांना दुसरी खूण आवश्यक केली, आणि मोबाइलवर येणारा आकडा हळूहळू घरोघरी परिचयाचा झाला. पण यंत्राच्या खिशात मोबाइल नसतो. अशा वेळी अनेकांना मोह होतो तो दुसरे कुलूपच काढून टाकण्याचा, किंवा कोणताही आकडा चालेल अशी गुपचूप खिडकी ठेवण्याचा. अशी खिडकी परीक्षेनंतर बंद करावयाची राहून गेली, तर तिच्यातून चोर येतो. त्यापेक्षा परीक्षेच्या खात्याला वेळेवर आधारलेले, दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे द्यावेत. त्यांची गुरुकिल्ली जवळ असली तर यंत्रालाही तो आकडा काढता येतो. ही सारी सोय परीक्षेसाठी उभारलेल्या वेगळ्या ठिकाणीच असावी, लोकांच्या खऱ्या नोंदींपाशी नव्हे.

ह्या परीक्षेतील सर्वांत महत्त्वाचा भाग बहुधा सर्वांत दुर्लक्षित असतो. दार योग्य माणसाला उघडते एवढे पाहून परीक्षक समाधान मानतो. कुलूप किल्लीने उघडते हे पाहणे म्हणजे कुलपाची अर्धीच परीक्षा होय; किल्लीवाचून ते उघडत नाही, हे पाहिल्यावर ती पुरी होते. मुदत संपलेले टोकन, एक अक्षर बदललेले टोकन, सही काढून टाकलेले टोकन, बाहेर पडल्यानंतरचे जुने टोकन, आणि एका खातेदाराच्या टोकनाने दुसऱ्याचा उतारा मागणे, ह्या प्रत्येक वेळी नकारच मिळाला पाहिजे. जेथे होकार मिळेल तेथे दोष आहे असे खुशाल समजावे.

हयगयीची फळे जगाने पाहिली आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले, की आपले पान दुसऱ्याला कसे दिसते हे दाखविणाऱ्या एका सोयीतील दोषामुळे लोकांची टोकने परक्यांच्या हाती लागली. सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने चोरीस गेल्याचे पुढे स्पष्ट झाले. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या कार्यक्रमांच्या साठ्यातच किल्ल्या लिहून ठेवलेल्या चोरांना सापडल्या आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली. तिसरे उदाहरण तर यांत्रिक तपासणीच्याच धंद्यातले. सर्कलसीआय ही कंपनी इतरांच्या तपासण्या आपल्या संगणकांवर चालविते. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या एका अभियंत्याच्या संगणकात घातक कार्यक्रम शिरला. अभियंत्याने लॉगिन करताना दुसरी खूणही दिलेली होती. पण चोराने दार फोडलेच नाही, आत गेल्यावर मिळालेली चिठ्ठी तेवढी उचलली. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला आपल्या सर्व ग्राहकांना किल्ल्या बदलावयास सांगावे लागले.

ह्यावरून काही साधे नियम निघतात. परीक्षेसाठी खऱ्या माणसाचे खाते कधी वापरू नये. त्यासाठी वेगळी खाती काढावीत आणि त्यांना लागेल तेवढाच अधिकार द्यावा. परवलीचे शब्द कार्यक्रमाच्या मजकुरात लिहू नयेत; त्यांच्यासाठी कुलूपबंद साठा असतो, तेथून ते ऐन वेळी घ्यावेत. ज्या फाइलीत टोकन साठविले ती फाइल सर्वांच्या सामायिक साठ्यात जाऊ देऊ नये. तपासणीच्या अहवालात टोकन जसेच्या तसे उमटू देऊ नये. पुष्कळदा चोरी होते ती अशा कागदपत्रांतूनच. काम झाले की टोकन रद्द करावे, आणि एखादे बाहेर गेल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता ते बदलावे.

हे नियम कठीण नाहीत. घाईत ते पाळण्याची सवय कठीण आहे. बेळगावात १९७९ पासून गोगटे तंत्रनिकेतन महाविद्यालय आहे, १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणेही तेथेच आहे, आणि सीमाभागातील मराठी बोलणाऱ्या घरांतून आलेली मुले-मुली तेथे शिकून पुण्या-बेंगळुरूला ह्याच कामावर जातात. यंत्र पास-नापास एवढेच सांगते. काय तपासावयाचे हे ठरविणारा मनुष्यच असतो. एखाद्या तरुणाने काम लवकर संपावे म्हणून परीक्षेची खिडकी उघडी ठेवली, तर त्याची झळ त्याला कदाचित कधीच लागणार नाही. ती लागेल दूरच्या एखाद्या गावातील खातेदाराला, जो उतारा काढावयास जाईल आणि आपल्या नावाच्या जागी दुसऱ्याचे नाव वाचील. त्या खातेदाराचे नाव परीक्षकाला ठाऊक नसते, पण त्याचे शेत त्याच्याच हवाली केलेले असते, हे त्याने काम करताना ध्यानात ठेवावे.