यंत्रमानव म्हंजे वेठ्या
(महाड तालुक्यातल्या तरुणांपुढे ‘मेट्रोपोलिस’ हा सिनेमा दाखवण्याआधी केलेलं भाषण)



थोड्या वेळानं या भिंतीवर सिनेमा दिसेल. मुका आहे, जर्मन आहे, शंभरीला टेकलेला म्हातारा आहे. त्याआधी पाच-दहा मिनिटं मी बोलणार. कंटाळा आला तर सांगा, गप बसेन.

१९८४ चा ‘टर्मिनेटर’ घ्या, १९९९ चा ‘मॅट्रिक्स’ घ्या. यंत्रं शहाणी होतात, मालकावर उलटतात, मग उरलीसुरली माणसं लपूनछपून प्रतिकार करतात. आपण टाळ्या पिटतो. मला मात्र एक शंका छळते. साला, आपण नेमके कुणाच्या बाजूला बसलोय?

‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हंजे कुळानं जमीनदाराकडं सक्तीनं राबायचं काम. वेठ! आपल्या पंडितांनी काय केलं? ‘यंत्रमानव’ असा गुळगुळीत शब्द पाडला. यंत्र आलं, मानव आला, वेठ तेवढी गळाली. खरा शब्द गावकुसाबाहेर पडून होता. त्यांना तो दिसणार कसा?

माझा आजा याच जिल्ह्यात वेठ्या होता. तेव्हा कुलाबा म्हणायचे. मेलेलं ढोर ओढ, लाकडं फोड, साहेबाचं ओझं पुढच्या गावाला पोचव, मयताची खबर घेऊन रात्री-अपरात्री पळ. हाक आली की उठायचं, ‘का’ विचारायचं नाही. शिळ्या भाकरीवर चालणारं यंत्र. आणि याला नाव काय, तर वतन! १९५८ च्या कायद्यानं ते गेलं. रोबोट उलटला की सिनेमातला मालक किंचाळतो ना, ते किंचाळणं मला ओळखीचं वाटतं. आपल्या लोकांनी ढोर ओढायचं सोडलं तेव्हा गावोगाव असंच किंचाळले होते.

आता आजचा सिनेमा. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’, बर्लिनमध्ये पहिल्यांदा लागला १० जानेवारी १९२७ ला. वर उंच इमारती, बागा, मालकांची पोरं. खाली जमिनीच्या पोटात कामगारांची वस्ती. पाळी बदलताना माना खाली घालून चालणारे त्यांचे ताफे बघा, अंगावर काटा येतो. कामगारांच्या लाडक्या मारियाचा चेहरा एका यंत्रबाईला चढवतात, ती लोकांना चिथावते, लोक यंत्रं फोडतात. पाणी कुणाच्या घरात शिरतं? त्यांच्याच. पोरं बुडायची वेळ येते.

शेवट मात्र थुंकण्याच्या लायकीचा आहे. डोकं आणि हात यांच्यामध्ये हृदय पाहिजे म्हणे! मालकाचा पोरगा बापाचा हात मुकादमाच्या हातात देतो, खेळ खलास. वर कोण आणि खाली कोण, ते जिथल्या तिथं. डोकं, हात... अरे, हे तर आपल्याला पाठ आहे. पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या, पाय. जर्मनांनी पायांचं नाव घेतलं नाही, एवढंच. याची पटकथा लिहिणारी थेआ फॉन हार्बो पुढं नाझी पक्षात गेली, आणि बेळगावकडच्या तेंडुलकर नावाच्या मराठी पत्रकाराशी तिनं लग्नही केलं. जग लहान आहे!

आणि त्याच १९२७ सालात आपलं महाड. २४ डिसेंबरला बाबासाहेब सुमारे दोनशे लोकांना घेऊन मुंबईहून ‘पद्मावती’ आगबोटीनं निघाले. धरमतरवरून मोटारीचा रस्ता जवळचा होता. मग समुद्राचा वळसा कशाला? मोटारवाले बहिष्कार घालतील ही धास्ती. दासगाव बंदरात उतरलं तर महाड पाच मैल, पायी तोडता येतं. मोटारीला विटाळ नव्हता, मोटारवाल्याला होता. आगबोट पण यंत्रच की! तिच्यातून उतरून आपली माणसं महाडात आली आणि २५ च्या रात्री मनुस्मृती जाळली. बर्लिनच्या पडद्यावर कामगारांनी यंत्र फोडलं. इथं आपल्या लोकांनी पुस्तक जाळलं, वर कोण आणि खाली कोण ते ठरवणारं.

१९५७ च्या ‘नया दौर’मध्ये टांगा बसला हरवतो. थेटरात शिट्ट्या. पण १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यानं बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. मग आपल्यातलाच एक न शिकलेला माणूस हाकायला बसला, आणि पुलावर बाबासाहेब फेकले गेले. म्हणून टांग्याच्या गोडव्यात मी नाही. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी स्पष्टच मांडलंय, की दोष यंत्राचा नाही, समाजाच्या घडीचा आहे. यंत्रानं फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय माणूस ढोरासारखा जगतो.

आता गाणं. या मुक्या सिनेमाला आज जे संगीत लावणार आहोत ते जेफ मिल्सचं, २००० सालचं. डेट्रॉईटचा काळा माणूस. मोटारींचं शहर ते. कारखान्यात यंत्रं आली, मग कारखानेच गेले, वस्त्या ओस पडल्या. तिथल्या पोरांनी तालयंत्रं घेतली आणि कारखान्याचाच ठोका उचलून लोकांना नाचवलं. मिल्स आणि माइक बँक्स यांच्या गटाचं नावच ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’. मोठ्या कंपन्यांना फाटा देऊन रेकॉर्डी स्वतः काढायच्या, तोंडं झाकून वाजवायचं. आपल्याकडं १९८० नंतर स्वस्त कॅसेट आली आणि भीमगीतं टपरीटपरीवरून गावोगाव गेली, त्याचीच ही चुलत भावंडं.

आज यंत्रं बुद्धिमान झाली म्हणून वरच्या आळीत घबराट आहे. लिहिणाऱ्यांच्या नोकऱ्या जाणार म्हणे. आणि खाली? २०१३ ला कायदा झाला. २०१८ ला केरळातल्या इंजिनिअर पोरांनी गटार उपसणारा रोबोट उतरवला, नाव ‘बँडिकूट’, म्हंजे घूस. यंत्र आहे. तरी माणूसच उतरवतात आणि तो गुदमरून मरतो. स्वस्त पडतो ना! रोबोट वर रस्त्यावर कोरडा उभा आणि माणूस खाली मैल्यात, असा सिनेमा कुठल्याही हॉलिवूडवाल्याच्या डोक्यात आला नाही. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

दिवा घालव रे. आवाज मोठा ठेव.