जुन्या इंजिनाची कुरकुर



जुन्या मोटारसायकलने अगदी निःशब्द चालावे, ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे १९५६ पासून बुलेट गाडी तयार होऊ लागली. त्या जुन्या घडणीच्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या गाड्या आजही अनेक घरांत जिवापाड जपलेल्या आढळतात. ३४६ घन सेंटिमीटरच्या त्या इंजिनात आवाज हा असणारच. नेहमीच्या आवाजात नवा कोणता मिसळला, एवढेच ओळखायचे असते.

नवा आवाज कानी येताच हत्यारे घेऊन बसू नये. प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : आवाज केव्हा येतो, कोणत्या लयीने येतो आणि कोठून येतो.

सकाळी थंड इंजिन सुरू करताच सिलिंडरमधून बोथट थाप ऐकू येते आणि इंजिन तापले की विरते. ही पिस्टनची थाप होय. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. उष्णतेने तो लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि मधली फट कमी होते. ही थाप झिजेचे लक्षण खरे, पण तातडीचे संकट नव्हे. याउलट, बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटासारख्या वाटेवर, वरच्याच गिअरमध्ये गाडी चढावर रेटली, तर काचेच्या गोट्या आपटल्यासारखा किणकिणाट होतो. इंधन अवेळी भडकल्याचा तो आवाज. तेव्हा खालचा गिअर टाकावा. तरीही तो वारंवार येत असेल, तर ठिणगी फार लवकर पडते काय आणि आत काजळी साचली आहे काय, हे तपासावे.

आता लय पाहू. या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. सायलेन्सरच्या प्रत्येक ठोक्यागणिक बारीक टिकटिक येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या यंत्रणेवर घ्यावा. मात्र सायलेन्सरची नळी सिलिंडरला मिळते त्या सांध्यातून वायू निसटला, तरी अशीच टिकटिक होते. तेथे काजळीचा डाग दिसल्यास आधी तो सांधा आवळावा.

स्थान शोधण्यास लांब स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. त्याचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावावी. फिरत्या भागांपासून मात्र दूर राहावे. क्लच दाबताच आवाज बदलला, तर शोध क्लच व गिअरपेटीकडे वळवावा. डाव्या झाकणाआडचा अनियमित खडखडाट बहुधा सैल झालेल्या प्रायमरी चेनचा असतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. टिकटिक सहन न होऊन पुष्कळजण पुशरॉडची जुळणी आवळून टाकतात. आवाज बंद होतो आणि मालक समाधान पावतो. परंतु व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, फटीतून जळते वायू निसटत राहतात आणि काही काळाने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून जाते. थंड इंजिनात, व्हॉल्व्ह मिटलेले असताना, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली हलू नये, हीच योग्य जुळणी. त्यानंतरही थोडी टिकटिक उरली, तर ती खुशाल उरू द्यावी.

एक आवाज मात्र कधीही उपेक्षू नये. इंजिनाच्या पोटातून येणारा, जोर दिला की वाढणारा खोल, जड ठोका हा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा असू शकतो. ते निकामी झाले, तर इंजिन एकाएकी अडकून धावत्या गाडीचे मागचे चाक जखडते. मग स्वारही वाचेलच असे नाही. ‘घर जवळच आहे’ हा मोह तेथे आवरावा. क्लच दाबून इंजिन तत्काळ बंद करावे आणि गाडी टेम्पोत घालून न्यावी. दाट तेल ओतून तो ठोका दाबणे म्हणजे रोग तसाच ठेवून रोग्याचे तोंड बांधणे होय.

गाडी निरोगी असते तेव्हाच रोज मिनिटभर तिचा आवाज ऐकण्याची सवय ठेवावी. पुढे कधी मिस्त्रीकडे जावे लागले, तर ‘गाडी आवाज करते’ एवढ्यावर न थांबता थंड की तापलेली, चढावर की उभी, डावीकडे की उजवीकडे, हे सारे त्याला सांगावे. त्याचे निम्मे काम तेथेच होईल आणि विनाकारण इंजिन उघडण्याचा तुमचा खर्चही वाचेल.