बोलण्याचा ठेका आणि ऐकणाऱ्याचा निवाडा

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

राळेगणसिद्धीत भाषणाला उभं राहणं जरा जोखमीचंच. या गावानं एक आवाज इतकी वर्षं ऐकलाय, की पाहुण्याचं बोलणं आपसूक त्याच्याशी ताडून पाहिलं जातं. मग म्हटलं, विषयही तोच घ्यावा. माणूस काय बोलतो हे कळायच्या आत, तो कोणत्या ठेक्यात बोलतो यावरून आपण त्याच्याविषयी काय काय ठरवून मोकळे होतो?

ऑगस्ट २०११. तुम्ही तेव्हा पहिली-दुसरीत असाल. दिल्लीच्या रामलीला मैदानावर याच गावचे अण्णा हजारे भ्रष्टाचारविरोधी जनलोकपाल कायद्यासाठी उपोषणाला बसले होते. सैन्यात गाडी चालवलेला, सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हिंदी मराठी वळणाची, वाक्यं आखूड. आधी आणि नंतर ‘भारतमाता की जय’, ‘वंदे मातरम्’, ‘इन्कलाब जिंदाबाद’. घोषणेचं निम्मं त्यांनी म्हणायचं, निम्मं मैदानानं. त्याच आंदोलनात कायद्याचा मसुदा कलमवार समजावणारे नामवंत वकील होते, फर्डं बोलणारे होते. पण लोकांचा जीव जडला तो या आखूड वाक्यांवर. जनलोकपालाची कलमं किती जणांनी वाचली असतील, मला शंका आहे. ‘हा माणूस खोटं बोलणार नाही’ हे मात्र त्यांनी ऐकताऐकताच ठरवलं होतं.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याच पारनेर तालुक्यात, पिंपळनेरला, संत निळोबारायांची समाधी आहे. कीर्तन इथल्या हाडीमाशी मुरलेलं. कीर्तनकार बुवांनी चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी तो उचलायचा, तेवढ्यात बुवांनी दम घ्यायचा. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. उत्तर एकदा स्वतःच्या तोंडून गेलं, की ते नाकारणं जड जातं. थांबावं कुठं, हे ज्याला कळलं त्याला सभा कळली.

आता दुसरी बाजू. तेच मराठी वळण, तीच आखूड वाक्यं, तेच थांबे घेऊन पारनेरचा एखादा पोरगा पुण्यात मुलाखतीला जातो. तिथं कुणी म्हणत नाही, की किती प्रामाणिक मुलगा आहे! म्हणतात, ‘जरा स्लो वाटतो.’ ठेका तोच, निवाडा उलटा. त्याच्यामागं उपोषण नाही, मैदान नाही. आहे फक्त एक बायोडाटा.

याचा अभ्यास झालेला आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ध्वनिमुद्रित बोलण्याचा वेग यंत्रानं कमीजास्त केला. माणूस तोच, वाक्यं तीच. वेग कमी केला तर ऐकणाऱ्यांना तो माणूस कमी कर्तबगार वाटला. वाढवला तर कमी मायाळू. बोलणाऱ्याच्या डोक्यात आणि मनात तसूभरही फरक पडलेला नव्हता.

थांब्याचंही तेच. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ सरासरी दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा फटीत आपण उत्तराची वाट बघतो. कुणी मनातल्या मनात मराठीचं इंग्रजी करत असेल, तर त्याला याहून वेळ लागणारच. समोरच्याला वाटतं, याला येत नाही. तो पुढचा प्रश्न टाकतो आणि ओठांवर आलेलं उत्तर तिथंच राहतं.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते लंडनच्या विमानतळावरचं उदाहरण. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, अशी तक्रार येऊ लागली. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञानं त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. ताटात मांस वाढल्यावर ‘ग्रेव्ही हवी का?’ हे विचारायला त्या एकच शब्द वापरत : ‘ग्रेव्ही’. इंग्रज बाई हाच शब्द शेवटी सूर चढवून म्हणे. या म्हणत सूर उतरवून. त्यांच्या लेखी ते साधं, अदबीचं विचारणं. इंग्रज कानाला मात्र ते ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं ऐकू येई. बायकांना वाटत होतं, आपल्याला उगाच हिणवलं जातंय. वरिष्ठांना वाटत होतं, या माणूसघाण्या आहेत. दोन्हीकडची ध्वनिमुद्रणं सगळ्यांना शेजारीशेजारी ऐकवली, तेव्हा कुठं उलगडा झाला. एका शब्दाच्या शेवटाला सूर वर गेला की खाली, एवढ्यावर माणसांचे स्वभाव ठरवले गेले होते.

आपल्याकडं काय वेगळं आहे? नागपूरचा हेल ऐकला की आपण हसतो, कोल्हापूरचा ऐकला की रांगडा म्हणतो, मालवणी ऐकलं की माणूस तिरकस असणार म्हणतो. आणि पुण्यात आपण तोंड उघडलं की तिथले हसतात.

वक्तृत्वाच्या शिकवण्या तुम्हाला सांगतील, हेल घालवा, वेग वाढवा. मुलाखतीपुरती तयारी जरूर करा. पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यात कमीपणा नाही. प्रश्न कळायला वेळ लागत असेल तर ‘एक क्षण द्या, सांगतो’ असं सरळ म्हणा, म्हणजे तुमच्या थांब्याचा अर्थ दुसरा कुणी लावणार नाही. मात्र घरी आईशी तसल्या घोटलेल्या सुरात बोलू नका, ती घाबरेल.

मला जास्त काळजी आहे ती पुढची. चार-दहा वर्षांत तुम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसाल, निवाडा तुम्ही कराल. आणि साधेपणाचा ठेकाही शिकून घेता येतो बरं का. आखूड वाक्यं, जागच्या जागी थांबा, डोळ्यांत पाणी, सगळं तालमीत बसवता येतं. कानाला भावलं म्हणून कुणाचं खरं मानण्याआधी त्याचं म्हणणं कागदावर उतरवून वाचा. आकडे उरतात का बघा.

तुमच्यातलं कुणीतरी ग्रामपंचायत अधिकारी होईलच. ग्रामसभेत एखादी बाई शेवटी उठेल, चाचरत, मागच्या वस्तीवरच्या पाण्याबद्दल काही बोलेल, आणि तेवढ्यात पुढं बसलेला एखादा खड्या आवाजात दुसराच विषय काढेल. त्या बाईचं म्हणणं प्रोसिडिंग बुकात चढलं का, ते सही करण्याआधी पाहा.