जुन्या जंगलगाडीचें चाक

जंगलांतील वाट मोटारीची जी परीक्षा घेते, ती शहरांतील डांबरी रस्ता जन्मभर घेत नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबाच्या मोहर्ली दरवाजापाशीं पहांटे ओळीनें उभ्या राहणाऱ्या जिप्सी गाड्यांचेंच उदाहरण घ्यावें. मारुती कंपनीची ही गाडी १९८५ सालीं बाजारांत आली आणि २०१८-१९ च्या सुमारास तिची सर्वसाधारण विक्री बंद पडली. परंतु कारखाना थांबला म्हणून चाकें वांकावयाचीं थांबत नाहींत. उघड्या गाडींतून सहा प्रवासी, एक वाटाड्या व एक चालक असा भार नेतां नेतां दगडावर आपटून रिम वांकते, भोंकें झिजतात, आणि मग मालकाला दुसऱ्या चाकाचा शोध करावा लागतो. १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता तुटतो. अशा मुलखांत गाडी ही हौसेची वस्तु नसून दवाखान्यापर्यंत पोंचण्याचें साधन असते.

शोध करणाऱ्याला धीर देणारी पहिली गोष्ट अशी कीं, या जुन्या गाड्यांचें घराणें मोठें आहे. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेली विलिस जीप, तिच्या वंशांतील महिंद्रच्या जुन्या जीपगाड्या, जिप्सी, आणि २०२३ सालीं भारतांत विक्रीस आलेली जिम्नी, या सर्वांच्या चाकांना पांच भोंकें असतात. व त्या भोंकांच्या मध्यांतून काढलेल्या वर्तुळाचा व्यास साडेपांच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर भरतो. दुकानदार यालाच पीसीडी म्हणतात. पांच भोंकें समोरासमोर येत नसल्यामुळें हा व्यास सरळ मोजतां येत नाहीं. त्यासाठीं शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांमधील अंतर मोजून त्यास १.७ नें गुणावें. अंतर सुमारें ८२ मिलिमीटर आलें, तर माप जुळलें. शहरी मोटारींच्या पुष्कळशा पांच भोंकी चाकांत हें अंतर ६७ मिलिमीटरच असतें. तसलें चाक कितीहि देखणें असलें तरी येथें निरुपयोगी होय.

परंतु पत्रिकेंतील एक गुण जुळला म्हणजे लग्न ठरलें, असें होत नाहीं. आणि बहुतेकांची फसगत नेमकी येथेंच होते. चाक बोल्टांवर चढलें कीं तें गाडीला बसलें, असा समज करून घेतला जातो. वास्तविक बोल्टांवर चढणें निराळें आणि गाडीला मानवणें निराळें.

दुसरें माप मधल्या भोंकाचें. जंगलगाडीच्या पुढच्या चाकाच्या मध्यांतून हबचा जाड भाग बाहेर येतो. भोंक लहान असेल तर चाक आंत जातच नाहीं. मोठें असेल तर जातें, पण मग त्याला मध्यावर धरून ठेवण्याचें काम सर्वस्वी नटांवर येतें.

तिसरें माप आंतल्या जागेचें. विलिस जीपला चारी चाकांवर ड्रमचे ब्रेक होते. जिप्सीच्या पुढच्या चाकांना डिस्कचे ब्रेक आहेत. एकाच पीसीडीचें जुन्या जीपचें चाक जिप्सीच्या बोल्टांवर नीट बसेलहि. परंतु आंतून तें ब्रेकला घासणार नाहीं, याची हमी कोणी द्यावी? चाक हातानें पूर्ण फिरवून पाहणें, हीच हमी.

चौथें माप ऑफसेटचें. चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारा त्याचा पृष्ठभाग यांमधील अंतराला ऑफसेट म्हणतात. तें वाजवीपेक्षां कमी झालें तर चाक बाहेर सरकतें, गाडी रुंद व रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर ताण पडतो व सुकाणू जड होतें. तें अधिक झालें तर टायर आंत कमानपाट्यांना घासतो. म्हणून रिकाम्या गाडीवर पाहणी करून भागत नाहीं. गाडी माणसांनीं भरून, सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावें.

पांचवें माप नटबोल्टांचें. सुझुकी घराण्याच्या गाड्यांचे बोल्ट १२ मिलिमीटरचे व १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचे असतात. विलिस जीपच्या बोल्टांचें माप अर्धा इंचाचें असून तिच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असत. एका गाडीचे नट दुसरीवर जोर करून फिरविले, तर आटेच मोडतात. अलॉयच्या चाकाची जाडी पोलादी चाकाहून अधिक असल्यास नटाला पकड कमी मिळते. नट निदान नऊ-दहा फेरे घट्ट बसला पाहिजे, आणि त्याचें निमुळतें तोंड चाकाच्या खांचेशीं जुळलें पाहिजे.

टायर मोठा बसविण्याचा मोहहि आवरावा. जिप्सीच्या २०५/७० आर १५ टायरची उंची सुमारें ६६८ मिलिमीटर असते. २३५/७५ आर १५ ची सुमारें ७३४. हा दुसरा टायर लावला, तर वेगमापक ताशीं ६० किलोमीटर दाखवील तेव्हां गाडी प्रत्यक्षांत ६६ च्या वेगानें धांवत असेल. इंजिनालाहि तितकाच अधिक जोर लावावा लागतो.

चाक कशाचें असावें, याचें उत्तर तें कोठें मोडणार यावर अवलंबून आहे. अलॉयचें चाक हलकें व सुबक असतें. पण जोराच्या आघातानें तें तडकलें, तर रानांत त्यावर इलाज नाहीं. पोलादी रिम वांकते, आणि थोडी वांकलेली रिम हातोड्यानें इतकी सरळ करतां येते कीं गाडी सावकाश गांवापर्यंत पोंचावी. एटापल्ली-भामरागडच्या बाजूस जाणाऱ्यानें दुकानांतील चकाकीपेक्षां हा विचार आधीं करावा.

कायद्याचीहि बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ ठामपणें सांगितला. ज्याची उपजीविका परवान्यावर चालते, त्यानें मूळ मापाच्या चाकालाच चिकटून राहावें, हें उत्तम.

तेव्हां जुनें चाक सोबत घेऊनच नागपूरला किंवा चंद्रपूरला जावें, दोन्ही चाकें जमिनीवर शेजारीं ठेवून पांचहि मापें घ्यावीं, आणि भोंकांभोंवतीं केसासारखी चीर नाहीं ना, हें उजेडांत पाहावें. चाक बसविल्यावर पहिल्या ५०-१०० किलोमीटरांनंतर नट पुन्हां आवळावेत. या सर्वांस एक दुपार पुरते. ती वांचविणारा चालक रानवाटेवर आठ माणसांचा जीव पांच नटांवर टांगतो.