माइकची वायर फेकू नका

मंडळी, स्वातंत्र्यदिनी शाळेत एखादी मुलगी भाषणाला उभी राहते आणि नेमका माइक खरखरून मुका होतो. मग अख्खी वायरच टाकून देतात. पण वायर सहसा मधे तुटत नाही. रोज वाकून वाकून ती पिनेच्या मानेशी तुटते. तेवढा वीतभर तुकडा कापा आणि नवी पिन डाखून घ्या.

आधी वायर अँप्लिफायरमधून काढा. पिनेचे टोपण वायरीत अगोदरच ओवा; मागाहून ते चढत नाही. साध्या ६.३५ मिलिमीटरच्या पिनेत आतली तार टोकाच्या पट्टीला आणि भोवतालची जाळी बाहेरच्या पट्टीला जोडायची. दोन्ही एकमेकींना शिवता कामा नयेत.

आता खरी मेख. तापवायची ती पट्टी आणि तार, डाख नव्हे. कथील-शिशाचा ६०:४० डाख सुमारे १९० अंश सेल्सिअसला वितळतो आणि तापल्या धातूवर पसरतो. थंड धातूवर पाडलेला थेंब जोडासारखा दिसतो खरा, पण पहिल्याच ओढीला सुटतो.

खिडकी उघडी ठेवा. शिसे विषारी, तेव्हा हात धुऊनच जेवा. आणि गुरुजी, हे काम मुलांसमोर करा. पुढच्या वेळी माइक मुका झाला, तर तीच धावून येतील.